भोपळ्याएवढी अक्षरं

सोमवार, दुपार

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. (तुम्ही वयाने माझ्याहून दीड वर्ष मोठे आणि नात्याने धाकटे, त्यामुळे दर पत्राच्या पहिल्या ओळीला माझी पंचाईत होते. आशीर्वाद ठेवून घ्या, त्याच्याखाली एक नमस्कार आहे तोही उचलून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंचा खोकला गेला की फक्त डॉक्टर बदलला? मी बरी आहे. माझं वजन दोन किलोने उतरलं असं दवाखान्यातला काटा सांगतो, घरचा सांगत नाही. मी घरच्याचं ऐकते.

पत्र लिहायचं कारण संगणक. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोनवर तुम्ही पहिलाच प्रश्न विचारता, "वहिनी, रीस्टार्ट केलं का?" आणि मी म्हणते, "हो." असं तुम्ही चार वेळा विचारलंत आणि चारही वेळा मी हो म्हटलं. मग तुम्ही बुचकळ्यात पडता, "म्हणजे कमालच आहे" म्हणता आणि रात्रभर त्या लिनक्सवाल्या लोकांना प्रश्न विचारत बसता. जाऊबाईंनीच मला हे सांगितलं, जरा रागानेच. तर भाऊजी, खरं सांगते, मी रीस्टार्ट एकदाही केलेलं नाही. नऊ महिन्यांत एकदाही नाही. माझ्यामुळे तुमची झोप गेली त्याबद्दल माफ करा, आणि का केलं नाही ते ऐकून घ्या.

तुम्ही तुमच्या दादांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, निवृत्तीला तो आडवा मोठा स्क्रीन आणलात तो दिवस आठवा. चार हजार ठिपके, चार हजार ठिपके, असं तुम्ही दाराबाहेरूनच सांगत आलात. लावून बघितलं तर अक्षरं मुंगीएवढी. दादा म्हणाले, "अरे, जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून डोळे गेले, आता हे काय भिंगातून वाचू?" तेव्हा तुम्ही सगळं दुप्पट करून दिलंत आणि आम्ही सुखी झालो. ते सुख वर्षभर टिकलं, मग संगणकाला एक खोड लागली. त्याला झोपवला आणि उठवला की आपण आधीच दुप्पट केलेलं आहे हे त्याला आठवत नाही, तो पुन्हा एकदा दुप्पट करतो. (मलाही दुपारच्या झोपेतून उठल्यावर गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, म्हणून मी त्याला फार बोलत नाही.) मग काय होतं, तर एक अक्षर भोपळ्याएवढं. आणि सगळंच मोठं झालं तर म्हणावं एक शिस्त तरी आहे, पण कोपऱ्यातलं घड्याळ मात्र तिळाएवढंच राहतं आणि माउसचा बाण पायताणाएवढा होतो. खिडकीचं डोकं स्क्रीनच्या वर जातं, पाय खाली जातात, मधलं पोट तेवढं दिसतं. दुकानदाराने दोन मापांचे कपडे एकाच माणसाला घालून दाखवावेत तसं ते दिसतं.

आता त्या पोटात काय आहे ते सांगते. तुम्हाला माहीत आहे, मी सातवीतून शाळा सोडली आणि वाचायला खऱ्या अर्थाने शिकले ते लग्नानंतर, दादा छापखान्यातून आणायचे त्या खराब छपाईच्या पानांवर. शब्द अडला की मी विचारायची आणि ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते शब्द टाइप करायला घेतले, अर्थांसह, साध्या कोऱ्या खिडकीत. सहाशे बारा शब्द आहेत. शब्दकोशातले अर्थ नाहीत हो. 'निरीह' समोर लिहिलंय, "ज्याला काही नको असतं असा. आपल्या घरी कोणी नाही." 'कृतककोप' म्हणजे "आज स्वयंपाक होणार नाही असं सांगून केलेला स्वयंपाक." 'उद्विग्न' म्हणजे "माझा चष्मा माझ्याच कपाळावर सापडल्यावर तू." आणि शेवटचा शब्द 'यथावकाश'. त्यापुढे "सवडीने, म्हणजे तुझ्या भाषेत" एवढंच. तिथे त्यांनी संगणक झोपवला, जेवून पुढचं करतो म्हणाले, आणि जेवताना छातीत दुखायला लागलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच गाडी चालवत होतात.

हे सगळं त्यांनी साठवलेलंच नाही. एकदाही नाही. तुम्ही विचाराल की एवढा काटेकोर माणूस, दुसऱ्याच्या स्वल्पविरामासाठी भांडणारा, त्याने वर्षभर सेव्ह कसं केलं नाही? कारण साठवायला गेलं की संगणक नाव विचारतो. आणि त्यांच्या छापखान्याची रीत अशी की नावाचं पान सगळ्यात शेवटी जुळवायचं, आतला मजकूर संपल्यावर. पुस्तक संपायच्या आधी नाव देणं त्यांना अपशकुनासारखं वाटायचं. "बंद कशाला करायचा, झोपवायचा," असं म्हणायचे. तुम्ही बसवून दिलेल्या बॅटरीच्या पेटीच्या जिवावर ती खिडकी वर्षभर उघडी राहिली आणि नंतर नऊ महिने माझ्या जिवावर राहिली. म्हणून रीस्टार्ट नाही.

मी सगळं वहीत उतरवून घेतलेलं आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तेच सुचवाल. पण दादांच्या टाइप करण्यात चुका आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने माझ्यासाठी लिहिताना कुठे काना विसरलाय, कुठे एकच शब्द दोनदा टाकलाय. माझा हात उतरवताना आपोआप त्या दुरुस्त करत गेला. वही झाली छान, शुद्ध, आणि माझी. त्यांची राहिली नाही.

मग वाटलं जाणकाराला बोलवावं. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पिशवी खाली ठेवायच्या आधीच हात बटणाकडे नेला. मी मनगट धरलं.

"काकू, बंद करून चालू केला की सगळं जागेवर येईल."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

"आणि जे साठवलेलं नाही ते?"

"साठवलं नाही म्हणजे ते नव्हतंच असं समजायचं."

त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. वाईट माणूस नाही, पण असल्या वाक्यानंतर त्याच्या हातात काही द्यायचं माझ्याने होईना.

स्वतः प्रयत्न केला तर साठवण्याची चौकटही दुप्पट होऊन येते. वरचा अर्धा प्रश्न दिसतो, खालची बटणं स्क्रीनच्या बाहेर, टेबलाच्या आत कुठेतरी. एकदा चुकून फुलीवर दाबलं तर तशीच एक चौकट आली, बदल साठवायचे की टाकून द्यायचे, एवढं दिसलं, आणि कुठलं बटण कुठे ते दिसेना. न बघता कळ कशी दाबणार? दादांनी मला एकच कळ पक्की शिकवली होती, डाव्या कोपऱ्यातली: "घाबरलीस की ही दाब." ती दाबली. चौकट गेली. मग मी शेवटच्या शब्दापर्यंत सगळे शब्द मोजून बघितले.

हे सगळं आजच लिहायचं कारण असं की गुरुवारी आमच्या इमारतीच्या वायरी बदलणार आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा वीज नाही. तुमची बॅटरीची पेटी पंचवीस मिनिटं टिकते, मी घड्याळ लावून बघितलंय. तेव्हा गुरुवारच्या आत, बंद न करता, ते बटण वर कसं आणायचं तेवढं सांगा. रविवारी तुम्ही ही खोड घालवणारी लिनक्सची नवी आवृत्ती घेऊन येणार आहात हे लक्षात आहे, पण रविवार गुरुवारच्या नंतर येतो. या पानांचे फोटो काढून फोनवर पाठवते आहे. पानांवर आकडे घातलेत, उलटसुलट वाचू नका. जाऊबाईंना सांगा, झोपमोडीबद्दल मला थेट बोला, चालेल.

तुमची वहिनी

ता. क. (बुधवार) फोटो पाठवलेच नाहीत. काढायला गेले तेव्हा समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांना स्क्रीन दाखवला तर म्हणाल्या, "कापड मशीनखाली मावलं नाही तर आम्ही कापड सरकवतो. तुम्ही मशीनकडे काय बघत बसलाय?" मी म्हटलं, "सरकवायला धरू कुठे? वरची पट्टी तर बाहेर गेलीय." वाकून बघताना त्यांचा कोपर कळांवर पडला, माझा हात माउसवर होता, आणि खिडकी पोटालाच धरून पडद्यासारखी वर सरकली. मग आम्ही दोघींनी एकेका कळेवर कोपर टेकवून शोध घेतला. ती आल्ट नावाची कळ आहे. तुम्हाला माहीत असेलच. चौकट वर ओढली आणि खालून 'साठवा' बटण निघालं.

आणि मग नाव विचारलं. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "घाला त्यांचं नाव, त्यात काय." भाऊजी, चौतीस वर्षांत मी ते तोंडाने उच्चारलं नाही, बोटांनी कुठून उच्चारणार? बाईंना म्हटलं तुम्ही जा, मशीन उघडं टाकून आलाय. मग एकटीने लिहिलं: अहो. आणि साठवलं. संगणकाने दुसरं काही विचारलं नाही.

ता. क. (शुक्रवार) काल वीज गेली, आली, संगणक स्वतःच बंद पडून नव्याने उठला. 'अहो' उघडून बघितलं. सहाशे बारा शब्द आहेत, सगळ्या चुका आहेत, यथावकाश तिथेच थांबलंय. ते मी पुरं करणार नाही. अक्षरं अगदी मापात आली, खिडकी बेतशीर, बटणं जागेवर. तुम्ही चार वेळा सांगत होतात ते बरोबर होतं. तेव्हा या पत्राची गरज उरली नाही, पण आठ पानं लिहून झालीत, टाकवत नाहीत. स्पीड पोस्टने पाठवते, उद्या मिळतील.

ता. क. आणखी एक. ही गोष्ट वर मुद्दाम लिहिली नव्हती. शब्द अडला की मी स्वयंपाकघरातूनच विचारायची, हातातलं काम न सोडता, आणि दादा टेबलावरून सांगायचे. अक्षरं भोपळ्याएवढी व्हायची तेव्हा मला ती ओट्याजवळून वाचता यायची. भाजी चिरताना मान वर केली की समोर एक शब्द आणि त्याचं उत्तर. काल अक्षरं मापात आल्यावर ओट्यावरून काहीच दिसेना. आज सकाळी संगणक झोपवून उठवला, आणि खोड परत आली. म्हणून रविवारी जरूर या, दोघेही जेवायलाच या, हवं तर दादांच्या खुर्चीत बसा. ती नवी आवृत्ती तेवढी घरी ठेवून या.