दादाला सांगायचं कोणी?

५ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

घरी सर्व क्षेम. तुझं पत्र आल्यापासून मी तेवढा सोडून. तुमच्या बँडचा पहिला अल्बम निघतोय, आनंद आहे. पण रेकॉर्डिंगवाले म्हणतात आमच्या चिरंजीवांची लय पळते, ड्रमवर दुसरा बसवा. आणि हे त्याला मी सांगावं, कारण तुझी जीभ रेटत नाही. माझी काय चामड्याची आहे? दूत अवध्य असतो, हे जन्मभर संस्कृतच्या वर्गात पोरांकडून घोकून घेतलं. दूताच्या पोटात गोळा येतो, हे कुठल्याच शास्त्रकाराने लिहून ठेवलेलं नाही.

लय पळते हे खरंच. आनंद झाला की तो वाजवताना धावत सुटतो. आमच्या मागच्या खोलीत तुम्ही दोघांनी पत्र्याच्या डब्यांवर बँड काढलात तेव्हापासून. मी शेजारी कानात बोळे घालून वह्या तपासत असे.

काल सांगायला गेलो होतो. छापखान्यातून येऊन तो हाताची शाई घासत होता. का, तर रेकॉर्डिंगला काळी बोटं बरी दिसत नाहीत म्हणे. साबण आहे ना, एवढं विचारून परत आलो. रविवारच्या आत नक्की सांगतो. निर्धास्त राहा.

तुझा,
मामा

१२ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं नाहीत. रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून, काठ्या घेऊन स्टुडिओच्या दारात उभा. काचेपलीकडे नवा ड्रमवाला वाजवत होता.

पण तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू? त्या नव्या ड्रमवाल्याने विचारलं हे कोण, तर मी म्हणाले, माझा मामेभाऊ. एवढंच. ज्याच्यासोबत बँड काढला, तो नुसता मामेभाऊ! दादाने काठ्या मागच्या खिशात घातल्या आणि वरून शर्ट ओढला. सहज वाटेवर होतो म्हणून डोकावलो, असं हसून सांगितलं. तुमचं घर दोन बस पलीकडे आहे, मामा. मग कोपऱ्यात बसून प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवल्या आणि गेला. मी खाली मान घालून गिटारच्या तारा लावत बसले. त्या लागलेल्याच होत्या.

येत्या रविवारी त्याची माफी मागायला येते. येऊ ना?

तुमची,
चिमणी

१५ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

त्या दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, बँड मीच सोडला. छापखान्यात काम वाढलंय, मनगट दुखतं. चिमणी फार आग्रह करत होती, तिच्यावर रागावू नका.

मला सगळं ठाऊक होतं. निदान तेव्हा तरी बोलायचं. शब्दांचे धातू सांगण्यात हयात गेली, आणि मुखातून निघालं काय, तर बरं केलंस. आपलं खोटं बापाला पटलं म्हणून बिचारा निश्चिंत झाला, दोन घास जास्त जेवला. मी त्याला आणखी वाढलं.

तू येऊन खरं बोललीस की बापाचंही पितळ उघडं पडणार. म्हणून इथे आधी लिहिलं होतं की इतक्यात येऊ नकोस. ते खोडलं आहे. खोडलेलं दिसतंच आहे, दिसू दे.

ये. बोलताना मी तिथेच बसेन, उठून जाणार नाही.

लोभ असू दे असं लिहायची रीत आहे. आज तेवढं तोंड नाही.

मामा