सात वाजताची खरखर

३ मार्च, रविवार
संध्याकाळी सातला रस्त्यावरचे दिवे लागले आणि माझ्या हॅम रेडिओवर खरखर सुरू. चिरंजीवांची आणि माझी आपापल्या सेटवरून बोलायची पूर्वीपासून ठरलेली वेळ नेमकी हीच. मागच्या वर्षी भांडून घर सोडून गेला तेव्हा, पुन्हा तुम्हाला फोन करणार नाही, असं म्हणाला होता. रेडिओबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे दर रविवारी हाक मारत असणार. मला ऐकू येत नाही, इतकंच. संकल्प: आठ दिवसांत खरखरीचा निकाल.

५ मार्च
छोटा रेडिओ कानाला लावून गल्ली पालथी घातली. दातांच्या दवाखान्यासमोरच्या खांबाखाली आवाज सगळ्यात मोठा. घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणते त्याचा सेट आपल्याच माळ्यावर पडलाय. तो जुना. नवीन घेतला असणार. हिला टेक्निकल काही समजावणं म्हणजे डोकेफोड.

७ मार्च
सैल जोड शोधायची शास्त्रीय पद्धत: खांबावर लाकडी हातोडा मारायचा, खरखर बदलते का ऐकायचं. मारला. बदलली नाही. गल्लीची वीज मात्र गेली. दातांचे डॉक्टर बाहेर येऊन नाही नाही ते बोलले. मागे त्यांचा पेशंट, तोंड उघडंच. प्रयोगात थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

१० मार्च, रविवार
वीज आली, खरखरही आली. सेटला कान चिकटवून बसलो. मध्येच स्पष्ट 'बा' ऐकू आलं. बायको म्हणाली, मागच्या घरातली शेळी. मी जेवलो नाही.

१४ मार्च
वायरमनच्या हातापाया पडून त्याला शिडीवर चढवलं. तारेखालची चिनी मातीची वाटी तडकलेली निघाली. बदलली. मी पहिल्यापासून म्हणत होतो! आता रविवारी बघाच.

१७ मार्च, रविवार
सात वाजले. दिवे लागले. खरखर नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं स्वच्छ. हाका मारून मारून घसा बसला. साडेसात झाले. कोणी नाही.

स्वयंपाकघरात बायको फोनवर त्याच्याशी बोलत होती, रोजच्यासारखी. मग फोनवर हात ठेवून दारात आली. तो विचारतोय, म्हणाली, बाबांची खरखर गेली का.



अजून आहे म्हणून सांग, म्हटलं.