सिस्टर खाटेपाशी उभ्या राहिल्या की

४ ऑगस्ट
पुन्हा तेच! डॉक्टरसाहेबांना म्हटलं, हौसराव आबांचं काही खरं वाटत नाही, एकदा बघून घ्या. साहेबांनी बीपी बघितलं, ऑक्सिजन बघितला. "सिस्टर, आकडे चांगले आहेत. तुम्हाला वाटतं म्हणजे नक्की काय वाटतं?" आता काय सांगू? आबा रोज चहासाठी वॉर्ड डोक्यावर घेतात, आज कप पुढं केला तर नको म्हणाले. एवढंच.

५ ऑगस्ट
आबांना दुपारी आयसीयूत हलवलं. थोडक्यात वाचले. साहेब राउंडला सगळ्यांदेखत म्हणाले, अनिता सिस्टरांचं मन म्हणजे मशीन आहे, मशीन! कालही तेच होतं की.

९ ऑगस्ट
नवीनच ताप. मी खाटेपाशी जरा जास्त उभी राहिले की नातेवाईक रडायलाच लागतात! आज सँडलचा पट्टा तुटला म्हणून धुरपदाबाईंपाशी थांबले, तर सुनेनं कारेगावचे सगळे पाहुणे बोलावले. टेम्पो भरून आले. बाईंना नुसते जुलाब. उठून बसल्या आन् ओरडल्या, "मी मेले न्हाई अजून! जावा घरला!" सून मात्र जाताना माझ्याकडे रागानं बघत होती, मीच शब्द फिरवल्यासारखी.

११ ऑगस्ट
दौंडची नवी पोरगी, गौतमी, माझ्या हाताखाली दिली. तुम्हाला आधी कसं कळतं, म्हणे. मग काय, लागले सांगायला — आकडे लिहायचेच, पण माणूस आधी बघ. कालचा माणूस आज कुठं बदललाय ते बघ. आबांच्या चहाची गोष्टही सांगितली, दोनदा. कुणी हार घालायचाच बाकी होता!

१४ ऑगस्ट
ह्यांना डेंगी. इथंच ॲडमिट केलंय. ताप उतरला, प्लेटलेट वाढतायत. घरी चहात साखर कमी पडली तरी कटकट, इथं मुकाट पडून आहेत. आज चहाच नको म्हणाले. म्हटलं, असा गुणी नवरा घरी का नाही मिळत! हसलेसुद्धा नाहीत. रुसले असतील.

१५ ऑगस्ट
सकाळी गौतमी ह्यांच्या खाटेपाशी आली ती हललीच नाही. म्हणाली, साहेबांना बोलावते. माझ्या तोंडून निघालं, "अगं, आकडे चांगले आहेत. नक्की काय वाटतंय तुला?"
ती हळूच म्हणाली, "मॅडम, सरांनी कालपासून चहा घेतला नाही."
साहेब आत आहेत. मी बाहेर, नातेवाइकांच्या बाकावर. फार भीती वाटतेय. दार उघडलं की येणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.