पठारावरचा वारा

मनू,

उघड्या पठारावर, सोसाट्याच्या वाऱ्यात तंबू ठोकून रात्र काढायची, हा काय फाजीलपणा? कॉन्व्हेंटात आम्हाला वाऱ्यात स्कर्ट धरायला शिकवलं, तंबू नव्हे! पुष्करबरोबर जायचीस तेव्हा नवरा-बायकोची हौस म्हणून गप्प बसले. तो वारल्यावरही जातेस, एकटी!

काल निघताना विचारलं, "काय ठेवलंय तिथे?"

"आई, तिथे मोठ्याने रडलं तरी कुणाला ऐकू जात नाही."

दादरच्या आपल्या दोन खोल्यांत मी सदा भिंतीपलीकडे. फोन लागत नाही, आणि हे पत्र तुला देण्याचं धाडस नाही.

तू परत ये. रोज संध्याकाळी मी शिवाजी पार्काला फेऱ्या मारीन, पाय दुखले तरी. घरात कुणी नसेल.

तुझी,
आई