सासूबाईंच्या ॲम्प्लिफायरचे नॉब

सूनबाई,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

तुझ्या सासूबाईंचा ॲम्प्लिफायर शेवटी मी उघडला. ती गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नव्हता. पण तू एकदा म्हणालीस, "बाबा, याचे नॉब किती मऊ फिरतात!" तेव्हापासून डोक्यात होतं. आता त्याचा मिडी कंट्रोलर झालाय, म्हणजे नॉब फिरवला की कॉम्प्युटरमधला सूर बदलतो; तुझ्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलाय. काल मोठा नॉब हळूच फिरवला, तर खोलीत धुकं उतरावं तसा सूर पसरत गेला. माझी समाधीच लागली. दूध उतू गेलं, माफ कर.

बाळ झाल्यापासून तू काही वाजवलेलं नाहीस. त्याला घेऊन बागेत जातोय. सहाच्या आत येत नाही. किल्ली घेतली आहे, दार उघडायलाही उठू नकोस.

बाबा