अर्जदारांच्या पाच इंग्रजी शब्दांना होकार मानण्याबाबत

दिनांक : २१ ऑगस्ट

प्रति,
मा. अधीक्षक,
ज्येष्ठ नागरिक शुश्रूषा निवास,
प्रवेश शाखा, दुसरा मजला.

विषय : पत्नीच्या खोलीत राहायला मिळावे म्हणून अर्जदारांनी दिलेली तोंडी संमती ग्राह्य धरण्याबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेचे दि. ४ ऑगस्टचे नकाराचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार हे निवृत्त इंग्रजी शिक्षक असून त्यांचे वय एकोणऐंशी आहे. त्यांच्या पत्नी फेब्रुवारीपासून आपल्या निवासात, दुसऱ्या मजल्यावरील खोली क्रमांक अकरामध्ये आहेत. पडून खुब्याचे हाड मोडले, त्यात स्मरणशक्तीही गेली, तेव्हा त्यांना घरी सांभाळणे आवाक्याबाहेर गेले. त्या खोलीत दुसरी खाट आहे आणि ती सहा महिने रिकामी आहे. त्या खाटेवर अर्जदारांना जागा मिळावी, एवढीच मागणी आहे. अर्ज त्यांची सून लिहीत आहे, कारण गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आल्यापासून अर्जदारांचा उजवा हात चालत नाही आणि वाचाही गेली आहे.

२. वाचा गेली, पण सगळी गेली नाही, आणि घोडे तिथेच अडले आहे. अर्जदार पूर्ण मुके असते तर मुक्यांसाठी वेगळा नमुना आहे, असे खिडकीवर सांगण्यात आले. अर्जदारांकडे मात्र पाच शब्द उरले आहेत : कन्व्होल्यूटेड, कंबरसम, लॅबिरिन्थाइन, टॉर्चुअस आणि ओव्हररॉट. पाचांचाही अर्थ थोड्याफार फरकाने एकच, उगाच अवघड करून ठेवलेले. चौतीस वर्षे मुलांच्या वह्यांच्या समासात अर्जदारांनी लाल शाईने हेच शब्द लिहिले. सरळ सांगता येते ते वाकडे करून सांगणाऱ्याची त्यांना मनस्वी चीड होती. बायकोचे नाव गेले, मुलाचे गेले, 'हो' आणि 'नाही' सुद्धा गेले, आणि हे पाच तेवढे मागे राहिले. राहायचेच होते तर निदान 'पाणी' तरी राहायचे होते, असे सुनेला पुष्कळदा वाटते.

३. घरात आम्ही यातून वाट काढली आहे. कंबरसम म्हणजे उशी सरकली. लॅबिरिन्थाइन म्हणजे संडासला जायचे आहे, आणि तो शब्द दोनदा आला तर हातातले काम टाकून धावायचे. टॉर्चुअस म्हणजे खांदा दुखतो आहे. ओव्हररॉट म्हणजे सुनेने चहात साखर जास्त घातली. राहिला कन्व्होल्यूटेड. तो शब्द सासूबाईंचा आहे. वह्या तपासताना एखादे वाक्य फारच पीळ घातलेले निघाले की अर्जदार तो शब्द मोठ्याने म्हणत, आणि सासूबाई, ज्यांना इंग्रजीचा गंध नाही, स्वयंपाकघरातून उत्तर देत, "आले, आले. जरा दम धरा." ही थट्टा लग्नानंतर सुरू झाली आणि वह्या संपल्या तरी संपली नाही. पुढे अर्जदार त्यांना तीच हाक मारू लागले.

४. आपल्या नियमाप्रमाणे येथे राहायला येणाऱ्याने आपला होकार स्वतःच्या तोंडाने, अधिकाऱ्यासमक्ष द्यायचा असतो. नियम चांगला आहे. नकोशी झालेली म्हातारी माणसे आणून टाकणारी घरे सुनेने पाहिली आहेत. म्हणून ८ जुलै रोजी अर्जदारांना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दोन मजले चढवून आणले. लिफ्ट दुरुस्तीला होती, अजून आहे. आपले लिपिक म्हणाले, "काका, काकूंजवळ राहायचंय ना? नुसतं हो म्हणा, बाकीचं मी बघतो." माणूस सज्जन आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. अर्जदारांनी होती नव्हती ती ताकद एकवटली. आणि ते म्हणाले, "कन्व्होल्यूटेड." मान हलवत पुन्हा तेच म्हणाले. मान हलवणे तोंडी उत्तरात बसत नाही, असे कळले. सुनेने शब्दाचा घरातला अर्थ सांगितला, पण नातेवाइकाचा अर्थ चालत नाही, भाषातज्ज्ञाचा दाखला लागतो. दाखला आणला. तज्ज्ञाने प्रामाणिकपणे लिहिले, 'विनाकारण गुंतागुंतीचे'. त्यावरून ४ ऑगस्टला उत्तर आले की, अर्जदारांनी पत्नीसमवेत राहण्याबाबत प्रतिकूल मत व्यक्त केल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

५. हे पत्र अर्जदारांनी स्वतः वाचले. त्यांना वाचलेले, ऐकलेले सगळे समजते. त्यांनी बोटाने लाल पेन दाखवून मागितले आणि डाव्या हाताने समासात काही लिहू पाहिले. एक वेडीवाकडी रेघ उमटली.

६. जिना चढल्यापासून अर्जदारांना धाप लागते, त्यामुळे रविवारच्या भेटीच्या तासाला त्यांना आणता येत नाही. मागच्या रविवारी परिचारिकेने मेहरबानी करून सासूबाईंच्या कानाला फोन लावला. सासूबाई आता पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. सुनेला "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" असे विचारतात. अर्जदार फोनवर म्हणाले, "कन्व्होल्यूटेड." पलीकडून आवाज आला, "आले, आले," आणि त्या खाटेवरून उठू लागल्या. मोडक्या खुब्याने. परिचारिकेने वेळेवर धरले म्हणून निभावले. तेव्हापासून फोन लावून देणे बंद झाले आहे, आणि ते बरोबरच आहे. मात्र सासूबाईंना त्या शब्दातून जे कळते ते कोणत्याही तज्ज्ञाच्या दाखल्यात येणार नाही, एवढे आपण लक्षात घ्यावे.

७. सासूबाई महिनाभर काढतील, फार तर, असे आपल्याच डॉक्टरांनी परवा सांगितले. तरी ती रिकामी खाट अर्जदारांना द्यावी. एकदा उचलून वर आणले की पुन्हा खाली उतरवायची गरज नाही. खाट कायमची देता येत नसेल तर महिन्यापुरती द्यावी. महिनाही नियमात बसत नसेल तर एक दिवस द्यावा.

८. तेही होणार नसेल तर एकच करावे. अर्जदार रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसतात. जेवायलाही हाताला धरून उठवावे लागते. त्यांना पुन्हा पत्र पाठवू नये. आपण स्वतः घरी यावे, त्यांच्यासमोर बसावे, आणि तिच्याजवळ जाता येणार नाही हे त्यांना साध्या शब्दांत सांगावे. मी तीनदा सांगायला गेले, आणि तिन्ही वेळा पिशवीतले कपडे नीट घडी करून ठेवून परत आले.

सोबत : डॉक्टरांचा दाखला, भाषातज्ज्ञांचा दाखला.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
अर्जदारांची सून

(अर्जदारांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा)