सात नंबरचा शिक्का

७ नोव्हेंबर १९९४
दिवाळी संपली. संकल्प: रोज डायरी लिहायची आणि हेड चेकर व्हायचं. काळूराम शेट म्हणाले, एक तारखेला ठरवतो, केसरीनाथ नाहीतर यादव. त्यात ठरवायचं काय? लूमवरून उतरलेलं कापड बावीस वर्षं मी तपासतोय. तुटका धागा, भोक, तेलाचा डाग, काही सुटत नाही. मग मारतो शिक्का: 'पास, ७'. यादवचा शिक्का नऊ नंबर, आणि तो चष्मिष्ट. चष्मा लावून कापड तपासायचं म्हणजे कुबड्या घेऊन कबड्डी खेळायची.

१० नोव्हेंबर
कमळाची नवीन कटकट. म्हणे, चष्मा करा, तुम्हाला दिसत न्हाय. का? तर अंबाडी गावच्या बाजारात मी परक्याच बाईच्या पिशवीत दोन किलो कांदे ओतले. बायकोसारखीच साडी होती तिची! एकसारख्या साड्या विणतात त्यांना जाऊन बोल म्हटलं.

१६ नोव्हेंबर
मुंबईची फॅशनवाली मंडळी भिवंडीत प्रदर्शन भरवणार. लग्नाच्या हॉलमध्ये. नाव काय, तर 'कला, कॉम्प्युटर आणि कपडा'. पोट भरल्यावर सुचतात असले धंदे. पण कापड आपल्या कारखान्याचं. शेट म्हणाले, त्यांच्या मुख्य बाईंना आपला माल फार आवडतो, वरचेवर नेतात. आवडणारच. तपासतो कोण?

२४ नोव्हेंबर
उद्या शुक्रवार, लूम बंद. शेट आम्हा चेकरांना प्रदर्शनाला नेणार. प्लॅन पक्का. तिथल्या कापडात यादवची चूक धरायची, चारचौघांत, शेटच्या कानावर पडेल अशी. हेड चेकर तिथल्या तिथे फिक्स. कमळा म्हणाली, जाताना डोळे घेऊन जा. दुर्लक्ष केलं.

२५ नोव्हेंबर, सकाळी ११.३०. हॉलमध्येच, खुर्चीवर बसून
शी! एका झग्यात दिवे पेटतात. वरातीतली गॅसबत्ती बरी, निदान नवरदेव दिसतो. कॉम्प्युटर नक्षी काढतो म्हणे. आमच्या अंजूरच्या पुतळाबाई दारात त्याहून सरळ रांगोळी काढतात, तीही लाईट नसताना. एका पोरीच्या अंगावर अर्धाच ड्रेस. बाकीचा किधर है विचारलं, तर डिझाईन है म्हणे. हमारे यहाँ इसको कटपीस बोलते, सुनावलंच. शिवता येईना, म्हणे डिझाईन!

मधोमध त्यांचा सगळ्यात खास झगा. त्याच्यासमोर कॅमेरा, आणि कापड भिंतीएवढ्या पडद्यावर मोठ्ठं करून दाखवतात. बघतो तर काय! तुटके धागे, भोकं, आडवे पट्टे. वीस फुटांवरून धरले! शेटचा हात धरून ओरडलो, हा माल पास करणाऱ्याला आधी घरी बसवा, त्याला डोळे आहेत की शर्टाची बटणं? अख्खा हॉल वळून बघायला लागला. नऊ नंबरचं काम दिसतंय, असंही सुनावलं. यादवनं मान खाली घातली. चोर सापडला!
बॉबकटवाल्या मुख्य बाई माझ्याकडेच येताहेत. सत्कार असणार.

त्याच दिवशी, दुपारी ४. घरी
बाई म्हणाल्या, बरोबर ओळखलंत, या चुकाच आमची कला. कॉम्प्युटरला चूक शिकवली तर तो तीच चूक पुन्हापुन्हा करतो. माणसाची प्रत्येक चूक नवीन. म्हणून आम्ही मुद्दाम एकाच शिक्क्याचा माल घेतो, त्यात चुका हमखास असतात. असं म्हणून त्यांनी कॅमेरा झग्याच्या कोपऱ्यावर नेला.
पडद्यावर सात. माणसाएवढा सात. शेजारी 'पास'.
शिक्का कोणीतरी चोरून वापरला असणार.

संध्याकाळी ६
कोणी चोरला नाही. मघाशी लिहवलं नाही. परत येताना रिक्षात यादव शेजारी बसला होता. म्हणाला, केसरीदादा, तीन वर्षं झाली, तुम्ही पास केलेले तागे मी मागाहून परत बघतो. चुकीचे निघतात ते कोपऱ्यात लावून ठेवतो. तेच त्या बाई स्वस्तात नेतात. वर म्हणतो, कोणाला बोललो न्हाय दादा, तुमची बावीस वर्षं झाली.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला एवढा राग आला, आणि तो काढायला यादवसुद्धा उरला नाही.

१ डिसेंबर
हेड चेकर यादव. पेढा खाल्ला.
चष्मा केला. ट्यूबलाईट फार वाईट असते हो डोळ्यांना, बाकी काही नाही. या वहीची मागची पानं वाचली. सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. कमळाही नीट दिसली. केस पांढरे झालेत तिचे. कधी झाले विचारलं, तर उठून आत गेली.

५ डिसेंबर, ड्युटीवर
आज दाखवलंच! चष्मा लावून पहिल्याच ताग्यात एकोणीस चुका धरल्या. खडूनं खुणा करून तागा शेटच्या टेबलावर नेऊन आपटला. शेटनं कपाळाला हात लावला. म्हणाले, केसरी, हा त्या बाईंच्या ऑर्डरचा माल, दोनशे तागे, आणि त्यांना सात नंबरचाच शिक्का हवाय. उद्यापासून घरी काय लावायचं ते लाव, ड्युटीवर चष्मा काढून बसायचं.
उद्या कशाला, आत्ताच काढला. समोर कोणीतरी उभं आहे. बहुतेक यादव.